डोमाजींचा धाकटा किनाबालू

आमच्या शेजारचे डोमाजी नवीन माणूस भेटला की त्याला गाव विचारत नाहीत, नोकरी विचारत नाहीत, मुलंबाळं किती तेही विचारत नाहीत. त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळतात आणि एक पहाड देऊन टाकतात. मी मोहाडीत राहायला आलो तेव्हा टेम्पोतून लोखंडी कपाट उतरवत होतो. कपाटाखाली माझी मान दबलेली, चेहरा लाल झालेला. शेजारच्या ओट्यावर बसलेला एक किडकिडीत म्हातारा माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "दोड्डाबेट्टा."

मला वाटलं, पहिल्याच दिवशी शिवी खाल्ली. कपाट तिथंच टेकवून मी भांडायच्या तयारीनं वळलो, तर म्हातारा हसत होता. "शिवी नोहे जी. पहाड आहे. निलगिरीत. रुंद आहे, डोक्यावरून गोल आहे, कोणाले त्रास देत नाही. तुम्ही तसे दिसले."

मग माझी बायको मंदा टेम्पोतून उतरली. तिला बघून डोमाजी जरा सरसावून बसले आणि म्हणाले, "अनाईमुडी." मंदानं मान डोलावली, जणू तिला हे आधीच माहीत होतं. अनाईमुडी दोड्डाबेट्ट्यापेक्षा उंच आहे हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. तोवर घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आता मोहाडी म्हणजे काही पहाडांचं गाव नाही. चौफेर धानाची बांधी, मध्ये तलाव, आठवडी बाजार, तहसील कचेरी. गावात उंच म्हणावं असं काही असेल तर ती पाण्याची टाकी. या सपाटीवर डोमाजींनी आपल्या हिमतीवर पर्वतरांगा उभ्या केल्या होत्या. धान कापून वावरात भाऱ्यांची पुंजणी रचली की ते बांधावरून बोट दाखवत जायचे, हा चिंबोराझो, तो केनिया. नालीच्या कामासाठी कुणी गल्लीत मुरमाचा ढीग टाकला, तर दुसऱ्या दिवसापासून तो किलिमांजारो. मीही वरठीच्या कारखान्यातून घरी येताना मंदाला फोनवर सांगू लागलो, "किलिमांजारोपाशी पोचलो, चहा ठेव."

त्यांच्या पहाडांचा एक कडक नियम होता. पहाड गरम देशातलाच पाहिजे. हिमालयाचं नाव काढलं की डोमाजी तोंड वाकडं करायचे. "थंडीच्या गावात बर्फ राहते, त्यात मर्दुमकी काय जी? फ्रीजातही राहते. किलिमांजारो पाहा. खाली हत्ती उन्हानं तळमळून राहिले, अन् हा बाप्पा डोक्यावर बर्फ घेऊन उभा. त्याले म्हणते पहाड." मे महिन्यात, भंडारा जिल्ह्याच्या उन्हात, डोक्यावर ओला दुपट्टा टाकून ते हे सांगायचे, तेव्हा त्यांच्यात आणि किलिमांजारोत फारसा फरक राहायचा नाही.

एवढं प्रेम असून हा माणूस जन्मात कुठल्याही पहाडावर चढला नव्हता. शिवरात्रीला अख्खं गाव गायमुखच्या जत्रेला जायचं, तिथली टेकडी पोरंसोरंही चढायची. डोमाजी खाली भज्यांच्या दुकानात बसून राहायचे. मी एकदा फार आग्रह केला. ते म्हणाले, "पहाड चढायसाठी नसते जी. टोकावर नाव घ्यायचं अन् उतरायचं. ते बसल्या जागी होते."

टोकावर नाव घ्यायचं अन् उतरायचं. हे त्यांचं आवडतं वाक्य. ते कुठंही चालायचं. एकदा कूलरमध्ये पाणी कुणी भरायचं यावरून माझं आणि मंदाचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. भिंतीपलीकडून डोमाजींचा आवाज आला, "चढले ना दोघंही वर? आता नाव घ्या अन् उतरा!" त्यानंतर भांडणार कसं? कूलरमध्ये पाणी मीच भरलं.

त्यांचं खरं भांडण होतं ते किनाबालूवरून. बोर्निओ बेटावर किनाबालू नावाचा पहाड आहे. डोमाजींच्या मते तो एक नसून दोन आहेत, थोरला आणि धाकटा. चौकातल्या चहाच्या टपरीवर भूगोलाचे एक मास्तर येतात. त्यांना हे सहन व्हायचं नाही.

"डोमाजी, किनाबालू एकच आहे."

"तुम्ही गेले होते का तिथं?"

"नाही."

"मंग?"

"अहो, पण तुम्ही तरी गेले होते का?"

"मी रोज जातो," डोमाजी म्हणायचे आणि चहाचा ग्लास ठेवून निघून जायचे.

मीही एकदा मास्तरांची बाजू घेऊन मोबाइलवर फोटो काढून त्यांच्या नाकासमोर धरला. "पाहा, हा एकच आहे." त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, मला परत दिला. "एका फोटोत दोन कसे मावतीन जी?" मी फोन खिशात घातला आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्याचा एक पेच ढिला आहे.

डोमाजी विणकर. त्यांच्या घरातली पुढची खोली म्हणजे हातमागच. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, खाली पावड्या दाबायच्या आणि वर टसर रेशमाचं कापड विणायचं. आमच्या भागातली करवती काठाची साडी तुम्ही पाहिली असेल. काठाला करवतीसारखे दात असतात. काठाचा रंगीत धागा मधल्या टसरमध्ये थोडाथोडा पुढे सरकत जातो आणि टोकाला पोचला की तसाच मागे येतो. झाला एक दात. हे काम एकट्याचं नाही. दोन्ही काठांचे दात एकाच वेळी वळावे लागतात. म्हणून विणणाऱ्याच्या डाव्या हाताला जोडीदार बसतो, त्या बाजूच्या काठाचा धोटा त्याच्या हातात असतो. दात टोकाला पोचला की जोडीदारानं आवाज द्यायचा आणि दोघांनी मिळून माघारी वळायचं.

डोमाजींच्या डाव्या हाताला त्यांची बायको अनसाबाई बसायची. कोणी "हां" म्हणून आवाज देतं, कोणी आकडे मोजतं. अनसाबाई पहाडांची नावं घ्यायची. "कळसूबाई." खट. "दोड्डाबेट्टा." खट. "अनाईमुडी." मी रात्रपाळी करून सकाळी येऊन पडायचो तेव्हा भिंतीतून मागाची खटखट यायची आणि तिच्यावर तरंगत ही नावं. केनिया येईस्तोवर मला झोप लागलेली असायची. एकदा मी अनसाबाईला विचारलं, की बाई, हे काय काढलं तुम्ही? ती लाजली. "गिनतीनं मले पेंग येते जी. पहाडानं नाही येत." मला बरोबर उलट होत होतं, ते मी बोललो नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी अनसाबाई मागावरून उठली. चक्कर येते म्हणाली आणि आत जाऊन पडली. डोमाजींनी मला उठवलं, आम्ही तिला भंडाऱ्याला नेलं. ती परत आली नाही. डोमाजी दवाखान्याच्या बाकावर बसून होते. रडले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "लुगडं मागावरच राहिलं जी."

मग भिंत मुकी झाली. मला दिवसा झोप येईना. मंदा दुपारी स्वयंपाकघरात उभी राहून भिंतीकडे बघत राहायची. डोमाजी गल्लीतल्या लोकांना पहाड देईनासे झाले. पलीकडे नवीन भाडेकरू आले, त्यांना काहीच मिळालं नाही. आम्हाला त्यांच्यासाठी वाईट वाटलं.

डोमाजींना एकच मुलगी, रेखा. नागपुरात बँकेत नोकरीला. आईच्या तेराव्यानंतर ती बापाला घेऊन जायलाच आली होती. डोमाजींनी मागाकडे बोट दाखवलं. "लुगडं उतरलं की येतो. तुझ्या आईनं तुझ्यासाठी लावलं होतं. अर्ध्यावर कसं सोडू?" रेखाला ते पटलं. तिला वाटलं, कोणी जोडीदार मिळाला की महिन्याभरात होईल. पण साडी जिथं होती तिथंच राहिली. पावसाळा गेला, धान निघालं, पुंजणी रचली, कुणी त्यांना नावं दिली नाहीत. म्हातारा एक वेळ जेवायचा, एक वेळ विसरायचा. मंदानं पाठवलेला डबा कधी उघडलेला असायचा, कधी तसाच. रेखा दर रविवारी मला फोन करायची. "काका, बाबा कसे आहेत? कोणी मिळालं का बसायले?"

मिळायचे, पण टिकायचे नाहीत. आंधळगावचा एक चांगला विणकर आला. डोमाजींनी त्याला अनसाबाईच्या जागेवर बसवलं आणि विचारलं, "किनाबालूवर थांबलं आहे. पुढं कोणता?" तो म्हणाला, "पुढं काय म्हणजे? पुढं विणायचं." डोमाजींनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मला म्हणाले, "हात जड आहे त्याचा." त्यानं धोट्याला हातही लावला नव्हता.

मग मंदा गेली. तिला भिंतीतून ऐकून नावं पाठ होती. तिनं पदर खोचला, बसली आणि ठणकावून म्हणाली, "किलिमांजारो." डोमाजींचा चेहरा पडला. "वहिनी, तुमचं दूध उतू जाऊन राहिलं असन." दूध गॅसवर ठेवलेलंच नव्हतं. मंदा तशीच उठून आली.

शेवटी मी. रविवारी आंघोळ करून गेलो, देवळात गेल्यासारखा. माझं पोट मागाला लागत होतं, खड्ड्यात पाय शिरेनात. डोमाजींनी कौतुकानं सगळं सांभाळून घेतलं, धोटा कसा धरायचा ते दाखवलं. मला वाटलं, चला, जमलं. मग त्यांनी विचारलं, "किनाबालूवर थांबलं आहे. पुढं?"

"किलिमांजारो," मी म्हणालो.

ते बराच वेळ त्या शेवटच्या दाताकडे बघत राहिले. मग माझ्या हातातून हळूच धोटा काढून घेतला. "राहू द्या बाबू. तुम्ही पाळी करून थकले आहा."

मला राग आला. खरंच आला. मी म्हणालो, "डोमाजी, सगळे दात सारखे आहेत. एक नाव इकडचं तिकडे झालं त कापडाले कळते का? तुम्हाले हे लुगडं पुरं करायचंच नाही. रेखाकडं जायचं नाही म्हणून तुम्ही लोकांले परत पाठवून राहिले." घरी येऊन मी रेखाला फोन लावला आणि सांगितलं, बाई, तूच ये, हे आमच्यानं होत नाही.

ती पुढच्या शनिवारी आली. आधी आमच्याकडे थांबली, मंदानं चहा दिला. मी सगळं सांगितलं, पहाडांची परीक्षाही सांगितली. रेखा हसायला लागली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

"काका, ते पहाड माझे आहेत. मी सातवीत होते. भूगोलात एक धडा होता, उष्ण कटिबंधातली प्रमुख शिखरं. मला काही केल्या पाठ होत नव्हता. मी मागाभोवती फिरत मोठ्यानं म्हणायची. आई तेव्हा आकडे मोजायची आणि पेंगायची, बाबा ओरडायचे. माझ्या पाठांतराच्या तालावर तिचा हात बसला. परीक्षा झाली, मी विसरून गेले. तिनं नाही सोडलं."

"म्हणून हिमालय नाही?" मी विचारलं.

"हिमालय आठवीत होता. तोवर मी मनातल्या मनात वाचायला लागले होते."

इतकी वर्षं मी म्हाताऱ्याचं फ्रीज आणि बर्फाचं तत्त्वज्ञान ऐकत आलो होतो. लेकीनं मोठ्यानं म्हटलेला तेवढा एक धडा त्यांच्याकडे होता, आणि त्याच्याबाहेरचं जग त्यांना नको होतं. मी चहाचा कप खाली ठेवला. मंदा केव्हाच आत निघून गेली होती.

मंदा बाहेर आल्यावर आम्ही तिघं पलीकडे गेलो. डोमाजी मागाजवळच बसले होते. लेकीला बघून त्यांनी अनसाबाईच्या जागेवरची धूळ दुपट्ट्यानं झटकली. रेखा ओढणी बांधून खड्ड्यात पाय सोडून बसली. लहानपणी बसली असणारच, धोटा तिच्या हातात नीट बसला. डोमाजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. आवाज नेहमीचा नव्हता.

"किनाबालूवर थांबलं आहे. पुढं?"

रेखानं तोंड उघडलं, आणि थांबली. "थांबा बाबा. मध्येच नाही आठवत मला. पहिल्यापासून म्हणते." तिनं डोळे मिटले आणि मान हलवत, शाळेतल्या चालीत म्हणायला लागली, "कळसूबाई, दोड्डाबेट्टा, अनाईमुडी, पिदुरुतालागला, किनाबालू..." आणि अडकली. कपाळावर आठ्या आल्या. हात हवेत तसाच. "किनाबालू..." ती पुन्हा म्हणाली.

"हां!" डोमाजी ओरडले आणि धोटा फेकला.

खट.

रेखानं दचकून डोळे उघडले. डोमाजींचे हात चालले होते, पाय पावड्यांवर होते, आणि डोळ्यांतून पाणी सरळ दाढीत उतरत होतं. "अशीच," ते म्हणत होते, "अस्सीच अटकत होती तू तिथं. दर टाइम. परीक्षेच्या सकाळीही अटकली. किनाबालू, किनाबालू, अन् मंग किलिमांजारो. मी तुझ्या आईले म्हटलं, अवं, एकच आहे तो, पोट्टी भुलते म्हणून दोनदा म्हणते. ती म्हणे, माझ्या पोरीनं दोनदा म्हटलं ना, मंग दोन आहेत. तिनं जन्मभर दोन विणले. त्या दिवशी एक म्हणून उठली बाप्पा. दुसरा राहिला होता."

मग रेखानं बाहीनं नाक पुसलं, डाव्या काठाचा धोटा सारला आणि दात टोकाला आल्यावर आईच्या आवाजात म्हणाली, "किलिमांजारो." मी आणि मंदा हळूच बाहेर आलो. घरी येऊन मी पलंगावर पडलो. भिंतीतून केनिया ऐकू आला, चिंबोराझो ऐकू आला, मग पुन्हा कळसूबाई. बऱ्याच महिन्यांनी मला भरदुपारी झोप लागली.

रेखा सुट्ट्या काढून येत राहिली आणि साडी पुरी झाली. डोमाजींनी ती मागावरून उतरवून लेकीच्या खांद्यावर टाकली आणि शब्दाप्रमाणे तिच्यासोबत नागपूरला गेले. निघताना भाडेकरूंना त्यांचा राहिलेला पहाड देऊन गेले. आता ते एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. तिथल्या चौकीदाराला त्यांनी चिंबोराझो केलंय आणि तो बिचारा त्या नावाला ओ देतो, असं रेखा सांगते.

मला करमत नाही. खोटं कशाला बोलू? सकाळी पाळीवरून आलो की भिंतीकडे तोंड करून पडतो आणि ती नावं मीच पुटपुटतो. मंदा दुसऱ्या कुशीवरून एखादं सुटलेलं भरते.

परवा टपरीवर भूगोलाचे मास्तर भेटले. डोमाजींची चौकशी केली आणि हसून म्हणाले, "गेले का त्यांचे दोन किनाबालू घेऊन?"

"दोनच आहेत," मी म्हणालो. "थोरला अन् धाकटा."

मास्तरांनी खिशातून फोन काढला, किनाबालूचा फोटो शोधला आणि माझ्या नाकासमोर धरला. मी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि त्यांना परत दिला.

"एका फोटोत दोन कसे मावतीन जी?" मी म्हणालो, आणि चहाचा ग्लास ठेवून घरी आलो.